रत्नागिरी ते लंडन: अंतर किती, वेळ किती, आणि घरातून निघायचं कधी

लेक लंडनला राहायला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिल्या खेपेला आम्ही दोघं घाबरतच निघालो होतो. आता वाडीत कुणाचंही परदेशाचं तिकीट आलं की ते आमच्या पडवीत येऊन बसतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वहिनी, विमानाला तास किती लागतात?"

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ ते दहा तास, येताना नऊच्या आसपास. पण या आकड्यावर विसंबून घराला कुलूप लावू नका. कोकणातून निघणाऱ्या माणसाचा प्रवास विमानात सुरू होत नाही, तो रिक्षा दारात येते तेव्हा सुरू होतो. माझ्या हिशोबाने रत्नागिरीतल्या घरापासून लंडनमधल्या घरापर्यंत जवळजवळ ४२ तास लागतात. ते कसे, हे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते.

पहिलं काम: कोणता विमानतळ ते नीट वाचा

तिकिटावर शहराच्या नावाशेजारी तीन अक्षरं असतात. बी-ओ-एम म्हणजे मुंबईचा जुना, सहारचा विमानतळ. एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई, ज्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. गोव्यातही दोन आहेत: दाबोळी म्हणजे जी-ओ-आय आणि मोपा म्हणजे जी-ओ-एक्स. कोकणच्या माणसाला हा फरक फार महागात पडू शकतो. सहारला जायचं तर गाडीतून ठाण्याला किंवा दादरला उतरावं लागतं, नवी मुंबईला जायचं तर पनवेललाच. पनवेल मागे टाकून ठाण्याला पोचलात आणि तिकीट नवी मुंबईचं निघालं, तर बॅगा घेऊन उलटं जाण्यात दोन तास सहज जातात.

सावंतवाडी, बांदा, कुडाळकडच्या लोकांनी आधी मोपा बघावा. मुंबईपेक्षा तो कितीतरी जवळ आहे. तिथून थेट विमान नसलं तरी एखाद्या मोठ्या शहरात विमान बदलून जाता येतं का, ते तपासा. रेल्वेची एक रात्र आणि मुंबईतला एक दिवस वाचतो. सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, पण परदेशच्या प्रवासाचा बेत त्याच्यावर रचायचा असेल तर त्या दिवसाचं विमान खरोखर आहे का, याची आधी खात्री करून घ्या.

तिकडच्या बाजूलाही हेच. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी, साउथएंड असे सहा विमानतळ आहेत. हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर मधला रस्ता तासाभराचा, आणि रहदारी असली तर त्याहून जास्तीचा. लेकीला नाहीतर मुलाला तिकिटाचा फोटो आधीच पाठवा. घ्यायला येणारा माणूस भलत्या विमानतळावर उभा राहायला नको.

दुसरं काम: अंतर स्वतः मोजा

हे कुणाला फुकटचं वाटेल, पण मला मनापासून आवडतं. माझे मामा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. आजोळी माजघरातल्या कपाटावर एक जुना पृथ्वीचा गोल होता. मामा सुतळी घ्यायचे, एक टोक मुंबईवर धरायचे, दुसरं लंडनवर, आणि सुतळी ताठ ओढायचे. "ही खरी वाट," म्हणायचे. मला वाटायचं, ती अरबस्तानावरून जाईल, कारण शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की रेघ इराक-तुर्कस्तानवरून जायची. सुतळी मात्र वर सरकायची: बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, मग जॉर्जिया देश, युक्रेन, पोलंड. सुतळीचा बरोब्बर मध्य जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळ येतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे देश ताणले जातात, म्हणून कागदावरची सरळ रेघ खरी जवळची वाट नसते.

मोजायची मामांची रीतही सोपी होती. पृथ्वीच्या गोलावर एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे एक अंश सुमारे १११ किलोमीटर. मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये त्या सुतळीवर जवळपास ६५ अंश भरतात. ६५ ला १११ ने गुणा, ७,२१५ येतात. मच्छीमारीच्या बोटीवरचा तांडेल अंतर सागरी मैलात आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल असा, सांगतो, वैमानिकही तसंच सांगतो. मोबाईलवर विमान कुठे पोचलं ते दाखवणारी ॲप्स असतात, त्यात वेग ४८० दिसला तर घाबरू नका. ते नॉट आहेत, ताशी जवळपास ८९० किलोमीटर.

तिसरं काम: अंतरावरून तास काढा

प्रवासी जेट विमान साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरून ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं. किलोमीटरला ८५० ने भागा आणि धावपट्टीवर रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं यासाठी अर्धा तास मिळवा. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे तीन तासांच्या आत-बाहेर. सिंगापूर ३,९०० किलोमीटर, पाच-साडेपाच तास. मेलबर्न ९,८००, बारा तास. न्यूयॉर्क १२,५००, पंधरा-सोळा तास. लंडनचं उत्तर या रीतीने नऊ तास येतं.

मग जाताना साडेनऊ-दहा का लागतात? दोन कारणं आहेत.

पहिलं वारा. विमान ज्या उंचीवर उडतं तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. खाडीतली होडी ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राकडे झरझर जाते, आणि तीच होडी ओहोटीच्या उलट वर आणायची म्हटली की वल्हवणाऱ्याचे हात दुखतात. तसंच हे आहे. लंडनला जाताना वारा तोंडावर असतो, येताना पाठीशी.

दुसरं कारण माणसांनी तयार केलेलं आहे. मामांच्या सुतळीच्या वाटेवर युक्रेन लागतो आणि तिथलं आकाश २०२२ च्या फेब्रुवारीपासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग वैमानिक अरबी समुद्रावरून, आखाती देशांवरून, तुर्कस्तानवरून वळसा घेतात. भिंतीवरच्या नकाशातली माझी चुकीची रेघ आता खऱ्या वाटेच्या जास्त जवळ आली आहे. म्हणून संकेतस्थळावर दिसणारं अंतर हे सुतळीचं अंतर समजा, आणि वेळ मात्र तिकिटावरचाच धरा. तो वळशासकट असतो.

चौथं काम: तिकिटावरच्या वेळा उलगडा

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. समजा तिकिटावर लिहिलंय: मुंबई ०२:१५, लंडन ०६:४५, दोन्ही १५ डिसेंबर. शेजारचे आजोबा म्हणाले, "चार-साडेचार तासच की! आमची रातराणी याहून जास्त घेते." तसं नाही. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, पोचायची लंडनच्या घड्याळाची. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणून साडेचारमध्ये साडेपाच मिळवा, दहा तास होतात. येताना उलट करायचं. लंडन २१:००, मुंबई ११:३० आणि शेजारी '+१' असं असेल तर तो '+१' म्हणजे दुसरा दिवस. दिसायला साडेचौदा तास दिसतात, साडेपाच वजा केले की नऊ उरतात.

उन्हाळ्यात हा फरक साडेचार तासांचा होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. दुबई, मस्कत बारमाही दीड तास मागे, कतार, कुवेत, सौदी अडीच तास मागे.

आपलं घड्याळ मिर्झापूरवरून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे. रत्नागिरी आहे ७३.३ अंशावर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात बारा वाजता नाही, त्यानंतर सरासरी ३७ मिनिटांनी. थोडक्यात, घड्याळ आणि सूर्य यांचा मेळ आपल्या अंगणातही पूर्ण बसत नाही. तो लंडनला नाही बसला तर बावरून जायचं कारण नाही.

पाचवं काम: तारीख. हे दोनदा वाचा.

आमच्या वाडीतल्या एका काका-काकूंची लेक बाळंत व्हायची होती. काकूंनी आठ दिवस खपून डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट, कुळथाचं पीठ असं सगळं बांधलं होतं. तिकिटावर होतं: ९ ऑक्टोबर, ००:५०. ते नऊ तारखेला सकाळी गाडीत बसले आणि रात्री नऊला सहारच्या दारात पोचले. दारावरच्या जवानाने कागद पाहिला, परत पाहिला, आणि हळू आवाजात म्हणाला की हे विमान आज पहाटेच गेलं. काकू तिथेच बॅगेवर बसल्या. लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, असं काका नंतर सांगत होते. दुसरं तिकीट काढायला जवळजवळ पहिल्याइतकेच पैसे गेले, आणि त्या पोचेपर्यंत नात जन्मली होती.

तेव्हापासून मी कुणाचंही तिकीट हातात घेतलं की आधी तारीख बघते. मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. ००:५० म्हणजे आठ तारखेच्या रात्रीचे बारा वाजून पन्नास मिनिटं. आपल्या तोंडी "आठच्या रात्री" असतं, कागदावर नऊ तारीख असते. वेळ ०० पासून ०५ पर्यंत कुठेही असली तर विमानतळावर जायची तारीख आदल्या दिवसाची. कालनिर्णयवर त्याच आदल्या चौकोनात लाल पेनने लिहा: "आज रात्री विमानतळ". बस, एवढं करा.

सहावं काम: उलटं मोजत घरापर्यंत या

पुन्हा आपलं १५ डिसेंबरचं ०२:१५ चं विमान घेऊ.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायला सांगतात. पहिली खेप असेल तर साडेतीन धरा. बॅगा देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि त्यानंतर कितीही हात जोडले तरी उपयोग नसतो. म्हणजे १४ तारखेला रात्री पावणेअकराला टर्मिनल दोनच्या दारात. ठाणे, डोंबिवली, लालबाग, जिथे कुणाकडे थांबाल तिथून मुंबईच्या रहदारीसाठी दीड-दोन तास. म्हणजे रात्री पावणेनऊला जेवून बाहेर.

आता कोकणातून मुंबई. रत्नागिरीहून रेल्वेला साधारण सहा ते आठ तास. कागदावर १४ तारखेची सकाळची गाडीही बसते. मी ती घेत नाही आणि कुणाला घेऊ देत नाही. एकेरी मार्ग आहे, क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली. १३ तारखेची रात्रीची गाडी घ्या, १४ ला सकाळी मुंबईत पोचा, आंघोळ करा, दुपारी झोपा. तो मोकळा दिवस वाया जात नाही. म्हाताऱ्या माणसांना पुढच्या दहा तासांच्या बैठकीसाठी तो लागतोच.

रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर कुवारबावला आहे. १३ च्या रात्री नऊला घरातून निघालात, तर १५ ला लंडनच्या घड्याळात पावणेसातला उतराल, म्हणजे इथले सव्वाबारा. पासपोर्टची रांग, बॅगा, घरापर्यंतची गाडी यांना अडीच तास. लेकीच्या दारात पोचता तेव्हा रत्नागिरीत दुपारचे पावणेतीन झालेले असतात. नऊपासून पावणेतीनपर्यंत मोजा: पावणेबेचाळीस तास. यातले विमानातले फक्त दहा.

पावसाळ्यात हा हिशोब सैल करा. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या हळू चालतात आणि वेळा बदलतात. दरड आली तर काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. महामार्गावरही परशुराम घाटाची काळजी असते. जुलै-ऑगस्टचं विमान असेल तर मी दोन दिवस आधी मुंबई गाठते. गौरी-गणपतीनंतरच्या आठवड्यात चाकरमानी परत निघतात, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट हातात पडलं की त्याच दिवशी साठ दिवस मागे मोजून कॅलेंडरवर खूण करा.

थेट जावं की मध्ये बदलून?

मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-लंडन ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३०. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर जास्त! अंतराने काहीच बिघडत नाही, वेळ जातो तो दुबईत बसण्यात. तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं. मधे दोन ते चार तास असतील तर ठीक. सव्वा तासाची जोड असेल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने ती घेऊ नये, आणि नऊ-दहा तासांची असेल तर गुडघे दुखणाऱ्याने घेऊ नये.

महत्त्वाचं म्हणजे दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. तशी असली की सहसा बॅग मुंबईत दिलेली थेट लंडनला मिळते आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय विमान कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटं काढून शे-पाचशे वाचवलेत तर ती जबाबदारी तुमच्या अंगावर येते. एकट्या जाणाऱ्या आईला थेट विमानच घेऊन द्या, थोडं महाग पडलं तरी. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, शिवाय ती ढकलणारा माणूस पासपोर्टच्या रांगेपासून बॅगेच्या पट्ट्यापर्यंत सोबत असतो. इंग्रजी न येणाऱ्याला त्या सोबतीचा मोठा आधार वाटतो.

सामानाबद्दल एवढंच: कोकम आगळाची बाटली हातातल्या बॅगेत नको, तिथे १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ चालत नाही. ती मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. सुकं खोबरं मात्र मोठ्या बॅगेतही चालत नाही, ते पेट घेतं म्हणून काढून ठेवतात.

शरीराचं घड्याळ

पश्चिमेला जाताना दिवस लांबतो आणि ते बहुतेकांना सोसतं. पहिल्या दिवशी तिथल्या संध्याकाळी सहालाच डोळे मिटायला लागतात, कारण इथे साडेअकरा झालेले असतात. जेवून आठ-नऊपर्यंत कसंही करून जागं राहा. डिसेंबरात लंडनला सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि चारच्या आत मावळतं, त्यामुळे दुपारी अर्धा तास तरी बाहेर चाला. परत येताना जास्त त्रास होतो. मला तीन-चार दिवस रात्री दोनला जाग येते. इन्सुलिन किंवा ठरावीक वेळेच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून दोन्ही वेळांचा कागद लिहून घ्या आणि तो पासपोर्टबरोबर ठेवा. गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीही नाही.

हातातलं काट्यांचं घड्याळ बदलू नका, निदान हिवाळ्यात. ते उलटं धरलं, म्हणजे बारा खाली आणि सहा वर, की काटे लंडनची वेळ दाखवतात. इथे बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात. ही युक्तीही मामांचीच. घरी फोन करायचा असला की मी घड्याळ सरळ करून बघते: लंडनमध्ये दुपारचे दीड झाले की आमच्या पडवीत सात वाजलेले असतात, दिवा लावून झालेला असतो आणि जाऊबाई फोन उचलायला मोकळ्या असतात.